एफ.वाय.च्या मुलांना 'अभ्यास कसा करायचा' हे शिकवायला १२ तास मिळालेत. काय घेऊ, काय सोडू?

शिवार

नमस्कार मंडळी. मी निफाडच्या बाजूला एका कला-वाणिज्य कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. नोकरीला चौदा वर्षं झाली. यंदा प्राचार्यांच्या मागे लागून एफ.वाय.साठी जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याला दोन तास मागून घेतलेत. सहा आठवडे, एकूण १२ तास. वाचन, टिपणं, उत्तर लिहिणं, लायब्ररी, वेळेचं नियोजन, सगळं त्यातच बसवायचंय.

का मागितले ते सांगतो. मागच्या वर्षी अंतर्गत परीक्षेत मागणीच्या लवचिकतेवर (भाव एक टक्का बदलला तर मागणी किती टक्के बदलते, त्यावर) प्रश्न होता. एका मुलाने व्याख्या शब्दन् शब्द बरोबर लिहिली, स्वल्पविरामासकट. त्याखाली छोटं गणित होतं: लवचिकता ०.५ आहे, बाजारात माल १० टक्के जास्त आला, तर भाव किती पडेल? तिथे पान कोरं. मुलगा कांदा पिकवणाऱ्या घरातला, वडिलांबरोबर लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टरवर बसून जाणारा. त्याला स्टाफरूममध्ये बोलावून कागदावर मांडून दिलं: कांदा १०० क्विंटल, भाव २००० रुपये, झाले दोन लाख. आता माल १० टक्के जास्त, म्हणजे ११० क्विंटल. तो सगळा खपायचा तर ०.५ लवचिकतेने भाव २० टक्के उतरायला हवा, म्हणजे १६००. पुढचा गुणाकार त्यानेच केला. १ लाख ७६ हजार. बराच वेळ कागदाकडे बघत बसला आणि म्हणाला, "सर, म्हणजे जास्त पिकवून चोवीस हजार कमीच आले. हे पुस्तकात आहे?"

पुस्तकात होतं. ज्या पानावरची व्याख्या त्याला पाठ होती, त्याच पानावर खाली होतं.

पोरगा हुशार आहे. पान वाचायचं कसं हे त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही. असे वर्गात निम्म्याहून जास्त आहेत. शिक्षक, आजी-माजी विद्यार्थी, पालक, सगळ्यांनी लिहा. १२ तासांत काय घेतलंच पाहिजे?

रानवारा

कांदा चिरून डोळ्यांत पाणी येतं हे माहीत होतं, गुणाकार करूनही येतं हे आज कळलं. धागा वाचनखुणेत टाकला. मला शिकवण्यातलं काही कळत नाही, पण लेक यंदा एफ.वाय.ला आहे, त्यामुळे वाचतोय.

लाल_पेन

तेहतीस वर्षं शिकवून निवृत्त झालो, म्हणून स्पष्ट लिहितो. मला हा उपक्रम पटत नाही. बारावी पास झालेल्या मुलाला वाचायला शिकवायचं, तर आधीची बारा वर्षं शाळेने काय केलं? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? कॉलेजच्या मास्तराने विषय शिकवावा. अभ्यास कसा करायचा हे मुलाने धडपडत शिकायचं असतं. आम्ही तसेच शिकलो. हात धरून चालवलेल्या मुलाचे पाय मजबूत होत नाहीत.

खडूफळा

काका, तुमचा आदर राखून असहमत.

तुम्ही शिकत होता तेव्हा गावातून कॉलेजपर्यंत दोन-तीन मुलं पोचायची आणि ती मुळात चाळणीतून निघालेली असायची. आज माझ्या वर्गात (भौतिकशास्त्र, एफ.वाय. बी.एस्सी.) अशी मुलं आहेत की त्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं कुणीच नाही. धडपडायला तरी कशाच्या आधाराने धडपडणार? ज्याच्या घरी मोठा भाऊ किंवा आत्या शिकलेली आहे, त्याला जेवता जेवता कळतं की आधी धड्याखालचे प्रश्न वाचावेत, सर चुकले तर विचारावं, जर्नल शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. हे त्याला कुणी 'शिकवलं' असं त्याला वाटतही नाही. बाकीच्यांना हे कुणी सांगायचं?

एक साधी गोष्ट. गेल्या वर्षी एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी चपला काढून उभी होती. किती वेळ, देव जाणे. मी बाहेर पडताना दिसली. शंका विचारायला आली होती, आत यावं की नाही ते कळत नव्हतं. तिची शंका चांगली होती, तोवर वर्गात कुणालाच न सुचलेली. तिला पदार्थविज्ञानाआधी हे सांगायला हवं होतं की या दारातून आत यायचं असतं.

शिवार, १२ तासांतला पहिला अर्धा तास त्यांना घेऊन स्टाफरूममध्ये, ऑफिसात आणि लायब्ररीत प्रत्यक्ष फिरून या.

पायवाट

खडूफळा, +१. चपलांचं वाचून गलबललं.

कॅलिपर

इंजिनिअरिंगवाल्याचे दोन शब्द. आमच्याकडे एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) तीन आठवड्यांचा प्रवेशोत्तर कार्यक्रम ठरवून दिलेला आहे. बाकी कॉलेजांसाठी यूजीसीने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' आणला. कागदावर दोन्ही चांगले आहेत. मी शिकलो त्या कॉलेजात मात्र तीन आठवडे भाषणं झाली. यशाची सप्तसूत्री, ध्येयनिश्चिती, सकारात्मकता. टाळ्या वाजवल्या आणि एम-वनला (गणिताचा पहिला पेपर) नापास झालो. एकदा नाही, तीनदा.

चौथ्या वेळी पास झालो ते एका सिनियरमुळे. त्याने माझी वही मागितली. सगळी गणितं सोडवलेली, सुंदर अक्षर. त्याने एका गणितावर हात ठेवला नि म्हणाला, आता हेच कोऱ्या पानावर कर. दुसऱ्या ओळीला अडकलो. तेव्हा कळलं की मी चार महिने गणितं 'बघत' होतो, सोडवत नव्हतो. सोडवलेलं उदाहरण वाचताना सगळं कळतंय असं वाटतं, तिथेच फसगत होते. त्यानंतर एकच केलं. उदाहरण वाचायचं, पुस्तक मिटायचं, सोडवायचं, अडलो ती जागा वेगळ्या वहीत लिहायची. ती अडण्याची वही परीक्षेच्या आदल्या रात्री वाचली, बाकी काही नाही.

म्हणून माझं मत: भाषण एकही नको. १२ तास मुलांच्या हातात पेन असू द्या.

बाकावरचा

सर, मी एस.वाय. बी.ए.ला आहे. इथे सगळे मोठे बोलतायत, लिहू का विचार करत होतो.

आम्हाला सगळ्यात जास्त अडतं ते प्रश्नाचा अर्थ समजण्यात. 'टीप लिहा', 'चर्चा करा', 'विशद करा', 'परीक्षण करा', 'फरक स्पष्ट करा'. सगळ्याला आम्ही एकच उत्तर लिहितो. धडा आठवेल तेवढा ओतायचा आणि पुरवणी घ्यायची. मला एफ.वाय.ला इतिहासात पुरवण्या जोडूनही १६ मार्क पडले. पेपर कुणी परत दाखवला नाही, त्यामुळे काय चुकलं ते आजही माहीत नाही. कुणी हे शब्द एकदा नीट सांगितले तर खूप उपकार होतील.

लाल_पेन

बाळा, तू लिहिलंस ते बरं केलंस. हे मी सांगू शकतो. उत्तरपत्रिका तपासण्यात हयात गेली.

'टीप लिहा' म्हणजे थोडक्यात पण पूर्ण: काय, केव्हा, कुणी, महत्त्व काय. पाऊण पान पुरे. 'विशद करा' म्हणजे उलगडून सांगा, कारणं आणि उदाहरणं देऊन, आपलं मत नको. 'चर्चा करा' म्हटलं की किमान दोन बाजू आल्या पाहिजेत. एकच बाजू तीन पानं लिहिलीस तर अर्धेच गुण. 'परीक्षण करा' म्हणजे एखादं विधान खरं किती, कुठवर टिकतं, कुठे टिकत नाही, हे पुराव्यानिशी तपासणं, आणि शेवटी तुझा निर्णय. तो निर्णय लिहायला मुलं घाबरतात. 'फरक स्पष्ट करा' मध्ये आधी एकावर एक पान नि मग दुसऱ्यावर एक पान लिहू नये. मुद्दा धरायचा आणि त्या मुद्द्यावर दोघांना समोरासमोर उभं करायचं.

उदाहरण घे. '१८५७ च्या उठावाच्या कारणांची चर्चा करा.' नव्वद टक्के मुलं काडतुसापासून सुरुवात करून घटना सांगत सुटतात. मेरठ, दिल्ली, झाशी, कानपूर. प्रश्नात घटना विचारलेल्याच नाहीत. कारणं विचारलीत, आणि त्यांत कुठलं किती वजनाचं यावर चर्चा हवी. खालसा केलेली संस्थानं, जमीनमहसूल, शिपायांची गाऱ्हाणी, धर्माची भीती. काडतूस ही ठिणगी होती. दारू आधीपासून साठलेली होती, हे ज्याने लिहिलं त्याला मी कधी कमी गुण दिले नाहीत.

हे लिहिताना माझ्या ध्यानात आलं की तेहतीस वर्षांत हे मी फळ्यावर एकदाही लिहिलं नाही. तपासताना मात्र दर वर्षी यावरच गुण कापले. शिवार, माझा आधीचा प्रतिसाद मागे घेतो. एक तास यावर ठेवा.

बाकावरचा

सर, स्क्रीनशॉट काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला. चाळीस जणांनी पाहिलाय. १६ मार्कांचं कोडं सुटलं, मी कानपूरपर्यंत गेलो होतो.

उंबरठा

मी बीड जिल्ह्यात भूगोल शिकवते. सगळं पटलं, पण वेळेच्या नियोजनाचा तास घेणार असाल तर जरा थांबा.

आमच्याकडे एकदा एका वक्त्यांना बोलावलं होतं. त्यांनी पहाटे पाच ते रात्री दहापर्यंतचे चौकोन छापलेला कागद वाटला आणि भरायला सांगितलं. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने लिहिलं: ५ ते ६.३० पाणी. ६.३० ते ८ स्वयंपाक. ८ ते ९.१५ बस. मधले कॉलेजचे चौकोन. मग पुन्हा बस, पुन्हा पाणी, पुन्हा स्वयंपाक. रात्री साडेनऊ ते दहा हा एकच चौकोन रिकामा राहिला. तिने तो तसाच ठेवला आणि पेनाचं टोपण लावलं. वक्ते तेव्हा 'वेळ वाया घालवू नका' हे सांगत होते.

दुसरं म्हणजे ऊसतोड. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांवर जातात. आईवडील गेले की धाकटी भावंडं, म्हातारी माणसं, जनावरं कॉलेजातल्या मुलीच्या गळ्यात पडतात. काही मुलं स्वतःच फडावर जातात. पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी त्याच सुमारास येते. त्यांना 'रोज चार तास बैठक मारा' म्हणून सांगणं निर्दयपणा आहे.

मग मी काय करते? वीस मिनिटांचा अभ्यास कसा करायचा एवढंच शिकवते. बसमध्ये जागा मिळाली तर सकाळच्या तासाचे तीन मुद्दे न बघता आठवायचे. एकच नकाशा खिशात, घडी घालून. रात्री अर्धा तास मिळाला तर वाचायचं नाही, लिहायचं, कारण दमलेल्या डोळ्यांनी वाचलेलं डोक्यात उतरत नाही, हात चालू असला की झोप लांब राहते. आणि ऑक्टोबरात जे जाणार आहेत त्यांची यादी ऑगस्टमध्येच करून ठेवते. त्यांना आधी कुठली प्रकरणं द्यायची ते ठरवता येतं.

खडूफळा

उंबरठाताई, यादी ऑगस्टमध्ये करण्याची गोष्ट उचलली. आमच्याकडे द्राक्षाच्या छाटणीच्या वेळी वर्ग असाच रिकामा होतो आणि आम्ही फक्त हजेरीच्या ७५ टक्क्यांवरून ओरडत बसतो.

हिशेबनीस

सातपूरच्या एमआयडीसीत शिफ्ट करत मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं. बारावी झालेली नव्हती, आधी पूर्वतयारी शिक्षणक्रम केला. हे विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला निघालं तेच मुळी माझ्यासारख्यांसाठी.

शिवार सर, तुमच्या लायब्ररीत त्यांची जुनी पाठ्यपुस्तकं असतील तर एकदा उघडून बघा. वर्गात मास्तर नसणार हे धरूनच ती लिहिलेली असतात. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं: हे वाचून झाल्यावर तुम्हाला काय सांगता आलं पाहिजे. मध्ये मध्ये स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, उत्तरं पाठीमागे. मी सुरुवातीला ते प्रश्न गाळून पुढे जायचो. नापास झालो. मग रात्रपाळीत जेवणाच्या सुट्टीत आधी प्रश्नच वाचायला लागलो आणि उत्तर शोधायला म्हणून मजकूर वाचायचा. तोच मजकूर, पण आता काहीतरी शोधत असल्यामुळे लक्ष टिकायचं. मास्तर नसताना पुस्तकालाच मास्तर करायचं, हे मला त्या प्रश्नांनी शिकवलं. कुठलंही पुस्तक असं वाचता येतं. मथळा दिसला की त्याचा प्रश्न करायचा. 'मागणीचे निर्धारक घटक' असा मथळा असेल तर 'मागणी कशाकशाने बदलते?' असं विचारायचं आणि मग वाचायला घ्यायचं.

रानवारा

लेकीला आत्ताच सांगून बघितलं. तिने मानसशास्त्राच्या पुस्तकातला 'विस्मरणाची कारणे' हा मथळा उचलला आणि 'मी का विसरते?' असा प्रश्न केला. पुढे अर्धा तास ती उठली नाही. हिशेबनीस, चहा लागू तुम्हाला.

मिसूरीकर

मूळचा सांगलीचा, सध्या कॅन्सस सिटीजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवतो. इथेही माझ्या वर्गात घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेली, रात्री दुकानात काम करणारी पोरं असतात. अडचणी ऐकायला तुमच्यासारख्याच. दोन गोष्टी सांगतो, दोन्ही इथल्याच मिसूरी राज्यात घडलेल्या.

पहिली कॅलिपर आणि हिशेबनीस यांच्या अनुभवाला धरून. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने तपासलं तर उलटं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, न बघता लिहिणाऱ्यांना ५६. मुलं पुन्हा पुन्हा वाचत का राहतात ते यात दिसतं. लगेच तपासलं तर वाचनच भारी वाटतं. परीक्षा मात्र पाच मिनिटांनी नसते. हा प्रयोग नुसता सांगू नका, वर्गात करून बघा. एक पान, दोन गट, पुढच्या आठवड्यात हिशोब. स्वतःचे आकडे बघितल्यावर मुलांना पटवून द्यावं लागत नाही.

दुसरी गोष्ट. १९७३ मध्ये इथल्या मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत डिअ‍ॅना मार्टिन यांनी एक पद्धत सुरू केली, आज ती बऱ्याच देशांत चालते. त्यांनी 'कच्ची मुलं' शोधली नाहीत, अवघड विषय शोधले. ज्या विषयात खूप मुलं नापास होतात, त्या विषयासाठी तो आधी चांगला पार केलेला एक विद्यार्थी नेमायचा. तो पुन्हा त्या वर्गात येऊन बसतो, टिपणं काढतो आणि आठवड्यातून ठरलेल्या वेळी मुलांना जमवतो. शिकवत नाही. एकमेकांना प्रश्न विचारायला लावतो, टिपणं ताडून बघायला लावतो. येणं ऐच्छिक. हुशार मुलंही येतात, त्यामुळे 'ढ मुलांचा तास' असा शिक्का बसत नाही. आपल्याकडे जादा तास म्हटलं की मुली मान खाली घालून येतात, ते मी विसरलेलो नाही. माझी बहीण तशी जायची.

पायवाट

'कच्ची मुलं नाही, अवघड विषय.' हे आमच्या विभागाच्या बैठकीत मांडते.

माध्यमाचा मुद्दा अजून कुणी काढला नाही म्हणून. मी प्राणिशास्त्र शिकवते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलं अकरावी-बारावी कशीबशी इंग्रजीतून ढकलतात आणि एफ.वाय.ला घोका आणि ओका सुरू होतं. त्यांना 'इंग्रजी सुधारा' म्हणून काही होत नाही. माझ्याकडे प्रत्येकाची एक शब्दवही असते. उभी तीन घरं: इंग्रजी संज्ञा, मराठी संज्ञा, आणि स्वतःच्या शब्दांत एक ओळ किंवा चित्र. तिसरं घर महत्त्वाचं. पहिली दोन कोशातून उतरवता येतात, तिसरं येत नाही.

खडूफळा

अगदी. आणि एकाच शब्दाचे विषयागणिक वेगळे अर्थ. 'सोल्यूशन' म्हणजे रसायनात द्रावण, गणितात उकल. 'पॉवर' म्हणजे माझ्या तासाला शक्ती, पुढच्या तासाला घात. मुलगा दोन्हीकडे तोच शब्द ऐकतो आणि गप्प बसतो.

रानवारा

खडूफळा, माझ्यासारख्या ठेकेदाराला 'पॉवर' म्हणजे महावितरण. तिसरा अर्थ वहीत घ्या.

ग्रंथपाल_काकू

लायब्ररीचा विषय वर दोनदा आला आणि दोन्ही वेळा पुढे सरकला, म्हणून मी लिहिते.

मुलं लायब्ररीत येतात ती काउंटरला टेकून 'मॅडम, एफ.वाय.चं अर्थशास्त्राचं गाईड आहे का' विचारायला. कपाटापर्यंत जाता येतं हेच त्यांना ठाऊक नसतं. मी एका तासात त्यांना पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे शिकवते. ३३० म्हणजे अर्थशास्त्र, ५१० गणित, ८९१.४६ मराठी साहित्य. मग प्रत्येक जोडीला एक चिठ्ठी, त्यावर एक प्रश्न. उत्तर असलेलं पुस्तक कपाटातून स्वतः काढायचं, अनुक्रमणिका आणि शेवटची सूची वापरून पान शोधायचं. सूची नावाचा प्रकार पुस्तकाच्या शेवटी असतो, हे कळल्यावर काहींचे चेहरे बघण्यासारखे होतात. चारशे पानं वाचायची गरज नाही, सूचीतून थेट ती तीन पानं गाठायची. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला एक वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. वीस मिनिटांचा अभ्यास करणाऱ्या त्या मुलींना याची सगळ्यात जास्त गरज आहे.

आता एक नवीन काळजी. गेल्या वर्षी तीन मुलं एकाच पुस्तकाचं नाव घेऊन आली. लेखक, प्रकाशक, साल, सगळं लिहून आणलेलं. आमच्याकडे नव्हतं. विद्यापीठाच्या सूचीत शोधलं, आणखी दोन ठिकाणी शोधलं. असं पुस्तकच कुठे सापडलं नाही. असाइनमेंट चॅटजीपीटीवरून काढली होती आणि संदर्भ त्याने रचून दिला होता. मुलांना राग नाही आला, ती घाबरली, कारण त्यांनी ते खरं धरून फाइलला लावूनही टाकलं होतं. ओरडून उपयोग नव्हता. त्यांना बसवून पुस्तक खरं आहे की नाही हे कसं ताडायचं ते दाखवलं. शिवार सर, हे तुमच्या १२ तासांत घ्याच. वापरू नका म्हणून ती थांबणार नाहीत. पडताळायला शिकली तर पुष्कळ झालं.

कॅलिपर

काकू, सूचीची चिठ्ठी भारी. असाइनमेंटसाठी एक सुचवतो: जमा करताना दोन मिनिटं तोंडी विचारा. 'या पानावरचं तुझ्या शब्दांत सांग.' मुलांना आधीच माहीत असलं की विचारणार आहेत, की निदान वाचून तरी येतात.

सातारी_कंदी

मिसूरीकरांचं वाचताना मला आमचे आजोबा आठवले. ते साताऱ्याला रयतच्या वसतिगृहात राहून शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद'. मुलं शेतात, दगडमातीच्या कामात राबायची आणि शिकायची. आजोबा सांगायचे, रात्री कंदिलाभोवती पाच जण बसायचे, त्यात एक वरच्या इयत्तेतला. त्याचं काम उत्तर सांगण्याचं नव्हतं. तो फक्त विचारायचा, "कशावरून?" त्याच्या 'कशावरून'ला सगळे घाबरायचे.

आज विद्यापीठांची 'कमवा व शिका' योजना आहेच. मुलं बागेत, ऑफिसात, लायब्ररीत तासाप्रमाणे मानधनावर काम करतात. मग एस.वाय.च्या मुलाने एफ.वाय.च्या मुलांना आठवड्यातून दोनदा घेऊन बसणं हे काम त्यात का धरू नये? गवत काढण्याइतकंच ते कष्टाचं आहे. त्याला दोन पैसे मिळतील, त्याचाही विषय पक्का होईल.

मिसूरीकर

सातारी, हे मला सुचायला हवं होतं. इथे त्या विद्यार्थ्यांना मानधन मिळतं आणि त्यामुळेच ते टिकून राहतात. 'कशावरून?' हे तर आमच्या प्रशिक्षणातलं निम्मं.

लाल_पेन

मूळ प्रश्नाकडे वळू. शिवार, एक धोक्याची सूचना. ऑगस्ट संपला की तुमचे १२ तास संपतील. सप्टेंबरात मुलं वर्गात बसतील तेव्हा मास्तर डिक्टेशन देत असतील आणि मुलं पुन्हा जुन्या वळणावर जातील. पोहायला शिकवायचं आणि मग पाण्यातच उतरू द्यायचं नाही, असं होईल. हे १२ तास वेगळा विषय म्हणून शिकवू नका. तुमच्याच अर्थशास्त्राचं पान घ्या, त्याच आठवड्यात तुम्ही शिकवणार असाल ते. आणि सहकाऱ्यांपैकी दोघं जरी पटवता आले, की त्यांनी आपल्या तासाची शेवटची पाच मिनिटं वह्या मिटून 'आज काय झालं ते लिहा' यासाठी ठेवावीत, तर तुमचे १२ तास वर्षभर चालतील. मी अजून नोकरीत असतो तर मीच पहिला हात वर केला असता.

शिवार

मंडळी, तीन दिवस वाचतोय, वहीत उतरवून घेतोय. ठरलं ते असं.

पहिल्या तासाला स्टाफरूम, ऑफिस, लायब्ररी, चालत. चपला घालून आत यायचं, हे पहिलं वाक्य. लायब्ररीच्या चिठ्ठ्यांचा तास आमच्या ग्रंथपालांबरोबर. प्रश्नातल्या क्रियापदांचा तास, लाल_पेन सरांचं १८५७ चं उदाहरण जसंच्या तसं. एक तास पडताळणीचा. उरलेले आठ तास फक्त एक पान: मथळ्याचा प्रश्न करा, वाचा, मिटा, लिहा, शेजाऱ्याशी ताडा, अडलं ते वेगळ्या वहीत. पान दर वेळी वेगळ्या विषयाचं, त्या आठवड्यात वर्गात चाललेलं. वेळेचे चौकोन बाद. ध्येयनिश्चिती बाद.

विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांशी 'कमवा व शिका'बद्दल बोललो. योजनेत हे काम बसतं का ते विचारून सांगतो म्हणालेत. पैसे मिळोत न मिळोत, एस.वाय.चे दोघं तयार आहेत. त्यातला एक तो कांदेवाला.

शिवार

आज पहिलं पान झालं. ५८ मुलं होती. पान मागणीच्या नियमाचं. सहा मिनिटं वाचन, वह्या बंद, सात मिनिटं लेखन. पहिली दोन मिनिटं कुणाचंच पेन चाललं नाही. मला वाटलं फसलं. मग एकेक सुरू झालं. बहुतेकांनी चार-पाच ओळी लिहिल्या. एका मुलीच्या कागदावर दोनच ओळी होत्या, पण दुसरी ओळ प्रश्न होता: 'भाव वाढला की मागणी कमी होते, मग लग्नसराईत सोनं महाग असून गर्दी का?' 'इतर परिस्थिती स्थिर असता' हे शब्द त्या पानावर होते, सगळ्यांनी वाचून सोडून दिलेले. तो प्रश्न फळ्यावर लिहिला आणि उरलेला तास तिथेच गेला. कांदेवाला मागे उभा राहून दर उत्तराला "कशावरून?" विचारत होता, त्याला मी तेवढंच शिकवलं होतं.

आता मदत हवी आहे. अर्थशास्त्राची पानं माझ्याकडे आहेत. इतिहास, भूगोल, मराठी, वाणिज्य यांची एफ.वाय.ला झेपतील अशी एकेक पानं कुणी सुचवाल का?

लाल_पेन

इतिहासाची चार काढून ठेवली आहेत. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, टपालाने पाठवतो. कडेला पेन्सिलीने प्रश्न लिहिलेत, ते खोडून मग मुलांना द्या.

उंबरठा

भूगोलाची दोन माझ्याकडून. एक दख्खनच्या पठारावरच्या काळ्या मातीचं, एक पर्जन्यछायेचं. मंगळवारपर्यंत फोटो टाकते.